निळ्या आकड्यांच्या सात फळ्या

चूक माझी होती, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही नकळत माझ्या बाजूला याल, आणि ते मला नको आहे. एका संध्याकाळी, दूध घालायला आलेल्या तीस-चाळीस माणसांसमोर, मी एका सरळ माणसाला चोर म्हणालो. माझ्या वडिलांच्या वयाचे ते गृहस्थ. आमच्या घरातल्या उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत प्रत्येक लाकडाला त्यांचा हात लागलेला. सगळे त्यांना नुसतं ‘मिस्त्री’ म्हणत, म्हणून मीही इथे तेवढंच म्हणतो.

मिस्त्री लाकूड आधी हुंगायचे आणि मग बघायचे. फळी समोर आली की चष्मा कपाळावर सरकवायचे, रंध्याने कडेची एक पातळ ढलपी काढायचे आणि तान्ह्या पोराची टाळू हुंगावी तशी ती नाकाशी धरून डोळे मिटायचे. वखारवाला, मालक, हमाल सगळे वाट बघत उभे. मग निकाल यायचा. “ह्यो साग डोंगरचा न्हाई. बांधावरचा हाय, लई पाणी प्यालाय.” किंवा, “आंबा हाय ह्यो. रंग लावून साग म्हणून इकतोय का रं?” एकदा आळे गावातल्या एका नव्या बंगल्यात मालक मोठ्या हौसेने त्यांना आपलं चकचकीत दार दाखवत होता. मिस्त्रींनी दाराच्या खालच्या कडेला नाक लावलं, उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “दार ब्येस हाय. फकस्त आत लाकूड न्हाई.” खरोखरच आत दाबलेला भुसा निघाला.

जुन्नरच्या बाजाराच्या मागे, मशिदीच्या गल्लीत, त्यांचं घर आणि घराला लागून पत्र्याची शेड. वडील, चुलते सगळे सुतारकामातले. घरात हिंदी, बाहेर आमच्यासारखीच मराठी, आणि रंधा अडकला की दोन्ही भाषांतल्या शिव्या. मी कॉलेजात होतो तेव्हा पिंपरी पेंढारला आमच्या घराच्या चौकटी करायला ते पहिल्यांदा आले. चौकटी संपल्या, पण आबांची आणि त्यांची ओट्यावरची बैठक संपली नाही. आबा म्हणजे माझे वडील. या बाजूला कुठेही काम असलं की मिस्त्री वाट वाकडी करून आमच्या ओट्यावर डबा उघडायचे. दोघांची भांडणंही ऐकण्यासारखी असत. आबा चिडवायचे, “मिस्त्री, तुमी माणूस बी हुंगून बघता का वो?”

“न्हाई बा. माणसाला हुंगाय लागलं की दोस्ती ऱ्हात न्हाई.”

हे ते हसत बोलायचे, पण वागायचे तसंच. त्यांचा सगळा संशय लाकडावर, दुकानावर, शिक्क्यावर, पॉलिशवर. “कापल्यावर बी लाकूड जितं असतं, भाऊ. त्याच्यावर इश्वास टाकायचा न्हाई,” असं ते मला सांगायचे. माणसांच्या बाबतीत मात्र ते अगदी उघडे. हत्यारांची पेटी आमच्या ओट्यावर आठ-आठ दिवस उघडी पडलेली असायची. एकदा एक पटाशी गेली, तर म्हणाले, “कुणाला तरी लागली असंल.” कोण, ते त्यांनी विचारलं नाही.

मी त्यांच्या अगदी उलटा. गावातल्या दूध संकलन केंद्रावर मी दूध तपासतो. एकवीस वर्षं झाली. समोरचा माणूस “घरच्या गाईचं हाय राव” म्हणाला की माझा हात आपोआप नमुन्याच्या बाटलीकडे जातो. संशय घेणं हेच माझं काम आहे, आणि मी ते चांगलं करतो. केंद्राचं शटर ओढताना तो संशयही आत ठेवून यायला हवा होता. तो माझ्याबरोबर घरी येत राहिला, आणि मी त्याला हुशारी समजत राहिलो.

लग्नानंतरची अठरा वर्षं सुनंदाने, माझ्या बायकोने, भिंतीवरची मांडणी आणि स्वयंपाकाच्या ओट्याखाली दोरीवरचा पडदा यांवर काढली होती. तिला आता स्वयंपाकघरात कपाटं हवी होती. मंचरच्या एका दुकानात तिने नमुना बघून ठेवला होता. लाल, काचेसारखा चकाकणारा. आम्ही मिस्त्रींना घेऊन तिथे गेलो. दुकानदार शिक्क्यावर बोट ठेवून सांगू लागला, “हंड्रेड परसेंट वॉटरप्रूफ, साहेब.” मिस्त्रींनी प्लायवूडचा तुकडा हुंगला, पुन्हा हुंगला, आणि “आलोच” म्हणून तो तुकडा घेऊन बाहेर गेले. शेजारी चहाची टपरी होती. थोड्या वेळाने तिथून आरडाओरडा ऐकू आला. मिस्त्रींनी तो तुकडा चहावाल्याच्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडला होता.

“ओ चाचा, गिऱ्हाइकाला काय पाजू मी, लाकडाचा काढा?”

“धा मिनिटं थांब बाबा. माझ्या सूनबाईच्या किचनचा सवाल हाय.”

दहा मिनिटांनी त्यांनी तुकडा सांडशीने बाहेर काढला. त्याचे पदर भिजलेल्या वहीसारखे सुटले होते. मिस्त्री तो वाफाळता तुकडा घेऊन दुकानात आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, “शिक्का पोहून आला बघा. लाकूड बुडालं.” दुकानदाराने आतून दुसरा, महागातला तुकडा आणून दिला. तोही पातेल्यात गेला. तो सुटला नाही. मिस्त्रींनी तेही प्रामाणिकपणे सांगितलं. “ह्यो माल खरा हाय. ह्यो घ्या, न्हाईतर घरचं लाकूड घ्या. मधलं काय बी घिऊ नका.”

घरचं लाकूड होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या साली आबांनी विहिरीजवळच्या बांधावर चार साग लावले होते. त्या संध्याकाळी ओट्यावर कपाटांचा सगळा बेत ठरला. सुनंदाला सगळंच सागाचं हवं होतं. मिस्त्री मान हलवत होते.

“सूनबाई, सगळ्याच ताटात पुरणपोळी वाढत्यात का? दारांचे पल्ले सागाचे. बाहेरून दिसंल ते साग. आतल्या खोक्यांना शिवणीचं लाकूड. हलकं असतं, वाकत न्हाई. डाळी-कडधान्याच्या फळ्या कडूलिंबाच्या, किडा फिरकत न्हाई. अन् सिंकखाली सागाचा नुसता गाभा. कडंचं पांढरं लाकूड तितं लावलं तर भुंगा चार पावसाळ्यांत पीठ करून ठिवंल.”

“आणि चाचा, माझा लाल रंग?”

“लाल रंग मिरचीला द्या,” आबा म्हणाले, आणि दोघे म्हातारे खूप वेळ हसले.

परवानगीचे कागद झाले. तीन साग तोडले, कापून आणले, फळ्या गोठ्यामागे छपराखाली रचल्या. वर्षभर वाळायला ठेवायचं ठरलं. चौथा साग आबांनी सावलीसाठी राखला होता, पण पुढच्या उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्याने तो मोटरच्या खोलीवर कलला आणि तोडावाच लागला. त्याच्याही फळ्या आल्या. मी सगळ्या फळ्या एकाच थप्पीत लावल्या आणि नमुन्याच्या बाटल्यांवर लिहायच्या निळ्या पेन्सिलीने त्यांना आकडे घातले, एक ते एकतीस. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाचे नमुने मी कधी एकत्र केले नाहीत. फळ्या मात्र केल्या, आणि आकडे घातले म्हणून मला वाटलं, आता सगळं चोख झालं.

मधल्या काळात मिस्त्री तापाने आजारी पडले होते. तीन आठवडे अंथरुणावर होते म्हणे. कामाला आले तेव्हा निम्मे झाले होते. आवाज तोच, पण कुठेतरी काहीतरी बदललं होतं, आणि ते माझ्या तपासनीस डोळ्यांनी लगेच टिपलं. लाकूड ते पूर्वीसारखंच हुंगायचे, पण निकाल द्यायचे नाहीत. ढलपी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, आणि मग आबांकडे बघायचं. आबांनी मान हलवली की, “हां, हां, ठीक हाय.” एकदा एका फळीवर पंपाचं डिझेल सांडलं होतं. मला दारातून वास येत होता. मिस्त्रींनी तीच फळी उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “झकास.”

मला धक्काच बसला. म्हणजे हे नाटक आहे तर! इतकी वर्षं हा माणूस लोकांसमोर डोळे मिटून नाटक करत आला? आणि जो माणूस वासाचं नाटक करतो, तो आणखी कशाकशाचं करत असेल? दूध नासायला विरजणाचा एक थेंब पुरतो. त्या दिवसापासून मला सगळंच दिसायला लागलं. मी गेलो की दोघे म्हातारे बोलायचे थांबतात. मिस्त्री फळ्या हातात धरून उगाच तोलतात, बाजूला ठेवतात. एकदा तर मी त्यांना फळीला जीभ लावताना पाहिलं. सुनंदा म्हणाली, “अहो, कारागीर माणूस आहे, त्यांची पद्धत असेल.” मी म्हणालो, “पद्धत रोज बदलत नसते.”

एका शनिवारी सुनंदा माहेरी गेली होती आणि मी केंद्रावर होतो. रविवारी मी थप्पी मोजली. सात फळ्या कमी होत्या. पुन्हा मोजली. आकडे लिहून घेतले. पंचवीस ते एकतीस. आबांना विचारलं तर ते म्हणाले, “कसल्या फळ्या?” सोमवारी दुपारी कांद्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने सहज सांगितलं, “तुमच्या मिस्त्रीनं परवा माझ्या गाडीतूनच नेल्या की राव, जुन्नरला, त्याच्या शेडला.”

त्या संध्याकाळी केंद्रावर रांग लागली होती. आबा नेहमीप्रमाणे किटली घेऊन येऊन बाकावर बसले होते. मिस्त्री दिवसभर फळ्यांना रंधा मारून एसटी पकडायला निघाले होते. जाता जाता आबांशी दोन शब्द बोलायला थांबले. मी नमुना हातात असतानाच खिडकीतून ओरडलो, “मिस्त्री, आमच्या सात फळ्या कुठंयत?”

ते शांतपणे म्हणाले, “माझ्याकडं हायेत, भाऊ.”

“कुणाला विचारून नेल्या?”

मिस्त्रींनी आबांकडे पाहिलं. आबा भांबावून माझ्याकडे बघत होते. “आबा, तुम्हाला सांगून नेल्या का ह्यांनी?” मी विचारलं.

“मला काय ठावं न्हाई बा,” आबा म्हणाले. “मला कुणी काय बोललं न्हाई.”

रांगेत कुजबुज सुरू झाली. गेनभाऊंना कुठेही थट्टा सुचते. ते किटली खाली ठेवून म्हणाले, “तपासा साहेब, तपासा. दुधात पाणी घावतंय तुमाला रोज, आज सागात बी घावलं!” माणसं हसली. त्या हसण्याने मला चेव आला. मिस्त्री अजून आबांकडेच बघत होते. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “मग माझंच चुकलं, भाऊ. वाळल्या की पोचत्या करीन.”

“वाळल्या की? चोरीच्या मालाला आता ऊन दाखवायचं का?” मी म्हणालो. पुढचं वाक्य लिहू की नको, असा विचार करत मी हा कागद दोन दिवस बाजूला ठेवला होता. लिहितो. मी म्हणालो, “राहू देत आता तुम्हालाच. कबरीत घालायला होतील.”

हसणं थांबलं. इतक्या वर्षांत त्यांची जात-जमात आमच्या ओट्यावर कधी बसली नव्हती. मी ती एका वाक्यात चारचौघांत आणून उभी केली. मिस्त्रींनी पिशवी खांद्याला लावली. आबांना म्हणाले, “येतो आबा. गार वारं सुटलंय, कान बांधून बसा.” आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. हत्यारांची पेटी आमच्या ओट्यावर होती, तीही त्यांनी कुणाकरवी मागवून घेतली. इतकी वर्षं उघडी पडणारी पेटी मी त्या दिवशी पहिल्यांदा कुलूप लावलेली पाहिली. कुलूप मीच लावलं होतं, आत काही कमी-जास्त झालं असं नंतर कुणी म्हणू नये म्हणून. इतका मी सावध होतो.

कपाटं मंचरच्या त्या दुकानाच्या माणसाने केली. लाल, चकाकती. आतली खोकी तयार बोर्डाची. उरलेल्या चोवीस फळ्यांपैकी काहींचे त्याने वरचे चार पल्ले केले आणि बाकीच्या तशाच पडून राहिल्या. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचा बोर्ड पाव फुगावा तसा फुगला आणि दार बंद होईना. सुनंदाने त्या दारापुढे एक पडदा लावला, जुन्याच दोरीवर.

रांगेतली गोष्ट रांगेत राहत नाही. दुधाबरोबर ती घरोघर गेली, पिंपरी पेंढारहून आळ्याला, तिथून फाट्यावर. कुणीतरी देवघर करायला दिलं होतं, ते काढून घेतलं. कुणीतरी म्हणालं, “मिस्त्री चांगला हाय, पण लाकडावर नजर ठिवाय लागती.” हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी एका लग्नात ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं, हे मला लपवता येत नाही. माझा तपास बरोबर होता असं चार लोक म्हणत होते.

त्याच वर्षी आबांचं काहीतरी हरवायला लागलं. आधी चष्मा, मग किटली, मग माणसांची नावं. सकाळी जेवले की दुपारी म्हणायचे, “आज मला कुणी वाढलं न्हाई.” मी चिडायचो, “आबा, आत्ता जेवलात!” डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी मान हलवली, पण मनात म्हणालो, वय झालंय, दुसरं काय. सकाळचं जेवण दुपारी विसरणारा माणूस शनिवारची गोष्ट सोमवारी विसरला असेल, हे जोडायला मला एवढंसं डोकं लागलं असतं. ते मी वापरलं नाही. ते जोडलं असतं तर दुसऱ्या बाजूला माझंच वाक्य उभं होतं.

अकरा महिन्यांनी, एका सकाळी, तीच कांद्याची गाडी दारात थांबली. ड्रायव्हरने गोणपाटात बांधलेलं ओझं ओट्यावर उतरवलं. “मिस्त्रीनं पाठवलंय. निरोप काय न्हाई.” मी सुतळी सोडली. सात फळ्या. माझे निळे आकडे तसेच होते, पंचवीस ते एकतीस. आणि प्रत्येक आकड्याच्या खाली सुताराच्या पेन्सिलीने एक लांब रांग लिहिलेली होती. पंचविसाव्या फळीवर वरती होतं, १२.३. खाली ११.९. मग ११.४. मग १०.८. असं उतरत उतरत शेवटी ८.९, ८.९, ८.९, ८.९.

मी रोज आकडे लिहिणारा माणूस. मला हे समजायला वेळ लागला नाही. ती वजनं होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक फळी काट्यावर ठेवून, पाणी उतरतं तसं वजन लिहिलं होतं. वजन उतरायचं थांबलं, सलग चार वेळा तेच आलं, तेव्हाच फळी वाळली असं धरलं होतं. चौथ्या सागाच्या ओल्या फळ्या होत्या त्या. मी न बघता सुक्यांत रचलेल्या. त्या तशाच पल्ल्यांना लागल्या असत्या तर वर्षात पिळवटल्या असत्या. गेनभाऊ थट्टेत बोलले होते, आणि तेच खरं होतं. सागात पाणी होतं.

मी फळीसमोर बसून होतो. तेवढ्यात आबा काठी टेकत बाहेर आले. त्या दिवसांत त्यांना माझं नावही धड आठवत नव्हतं. त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. “आल्या का वाळून? म्या म्हणलंच व्हतं त्याला, सावकाश दे, घाई न्हाई.” मग माझ्याकडे वाकून, गुपित सांगावं तसं, हळूच म्हणाले, “नाक गेलंय त्याचं. तापात गेलं. काय बी वास येत न्हाई गड्याला. पोटावर पाय यील म्हणून मलाच सांगितलंय फकस्त. तू कुणाला बोलू नगंस.”

आबा आता नाहीत. हे लिहू का, असं मिस्त्रींना मी विचारलं तेव्हा, “ल्ह्या आता, काय हाय त्यात,” असं ते म्हणाले, म्हणून हे इथे लिहिलं आहे.

फळ्या आल्या त्याच दुपारी मी जुन्नरला गेलो. शेडमध्ये मिस्त्री स्टुलावर बसून एका पाटाचे पाय घासत होते. मला बघून उठले नाहीत, पण शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. “या भाऊ. पोचल्या ना?” त्यांची सून पाणी घेऊन आली. मी पेला हातात धरून बसलो. शेवटी विचारलं, “तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, मिस्त्री? आबांना सांगून नेल्यात, एवढं म्हणायचं होतं.”

“म्हणलो असतो,” ते म्हणाले. “पर त्यांनी ‘मला ठावं न्हाई’ म्हणलं. मी बघितलं त्यांच्याकडं. त्यांना खरंच आठवंना. आता तीस माणसांत मी काय म्हणू? आबा, तुमी इसारलात? तुमाला आता काय ध्येनात ऱ्हात न्हाई? त्यांच्या पोरासमोर?”

“मग दुसऱ्या दिवशी सांगायचं मला, एकट्याला.”

“कबरीचं बोलला व्हता तुमी,” मिस्त्री म्हणाले. एवढंच. आवाज चढला नाही. पाटाचा पाय उलटा करून पुन्हा घासायला लागले.

मी खाली बघत होतो. जमिनीवर ढलप्या पडल्या होत्या. त्यांनी एक उचलली आणि माझ्यापुढे धरली. “सांगा बरं, कसला वास येतो?”

मी हुंगली. “थोडा कडवट आहे. चामड्यासारखा, जुन्या तेलासारखा.”

“मग सागच हाय,” ते समाधानाने म्हणाले. “वखारवाला साग म्हणला, सून म्हणली साग. तरी तिसऱ्याला इचारलेलं बरं.” आणि ढलपी त्यांनी टाकली. ज्या माणसाने त्यांना चोर म्हटलं, त्याच्या नाकावर त्यांनी विश्वास ठेवला. मला तिथे रडू आलं, आणि मी म्हणालो, “मिस्त्री, मी माफी मागायला आलोय.”

त्यांनी हात वर केला. “हितं नका मागू. हितं कुणी ऐकलं व्हतं? दूध जितं सांडलं तितंच पुसायचं असतं. आन् एक. पुसताना आबांचं नाव घ्यायचं न्हाई. माझ्या नाकाचं बी काढायचं न्हाई. म्हातारे हाव आमी दोघं, आमची झाकली मूठ ऱ्हाऊ द्या. काय बोलायचं ते तुमचं तुमी बघा.”

“तुम्ही याल का संध्याकाळी? आबांशेजारी बसायला?”

“मी न्हाई येत. मला बघायचं न्हाई ते. मला कळंल.”

निघताना त्यांनी विचारलं, “सिंकखाली काय लावलं त्या मंचरवाल्यानं?” मी सांगितलं. फुगलेलं दारही सांगितलं. ते हसले नाहीत. “त्या सातांतल्या तिनांत चांगला गाभा हाय,” म्हणाले. “खुणा केल्यात मागच्या अंगाला. तेवढ्यात हुतंय.”

संध्याकाळी रांग लागली. आबा बाकावर येऊन बसले. जुन्नरहून येताना एसटीत मी ठरवत होतो की काय सांगायचं, आणि तेव्हा लक्षात आलं की दोन्ही म्हाताऱ्यांना वगळलं की दोष द्यायला माझ्याशिवाय कुणी उरतच नाही. मिस्त्रींना तसंच हवं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी स्वतः मात्र अकरा महिन्यांपूर्वी तेच केलं होतं.

मी फॅटचं मशीन बंद केलं आणि खिडकी सोडून बाहेर आलो. गेनभाऊ पुढेच होते. “काय झालं साहेब? दूध नासंल ना राव.”

“दोन मिनिटं, गेनभाऊ,” मी म्हणालो. “सगळ्यांनी ऐका जरा. मागं मी इथं जुन्नरच्या मिस्त्रींना चोर म्हणलो होतो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांनी चोरी केली नाही. फळ्या ओल्या होत्या. मी न बघता सुक्यांत मिसळल्या होत्या. त्यांनी त्या स्वतःच्या शेडमध्ये वाळवल्या आणि आज घरपोच केल्या. ज्यांनी माझं ऐकून त्यांचं काम काढून घेतलं, त्यांनी ते परत द्यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आणि कबरीचं जे मी बोललो, ते माझ्या तोंडून निघालं, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्याची मी तुमच्यासमोर माफी मागतो. मिस्त्री इथं नाहीत. ते तिथं उभे होते, त्या बाकापाशी. तिथंच बघून सांगतो. माझंच चुकलं, मिस्त्री. माझंच चुकलं.”